ग्वाल्हेरची थंडी आणि गुलमर्गचे कपडे

ग्वाल्हेरच्या माणसाला थंडीच्या कपड्यांबद्दल कुणी शहाणपण शिकवायला गेलं की त्याच्या कपाळावर आठी पडते. आमच्याकडे दिवाळी आटोपली की लोखंडी पेटी उघडते आणि रजया, दुलया, हातविणीचे स्वेटर, कोट, कानटोप्या असा सगळा संसार गच्चीवर उन्हात पडतो. जानेवारीत धुकं उतरलं की कधी कधी दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, पहाटे पारा पाच-सहावर येतो, आणि घर गरम करायची सोय म्हणाल तर एक हीटर आणि तिळगुळाची गजक. त्यामुळे फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन स्कीइंग शिकायचं ठरलं, तेव्हा कपड्यांचा विषय घरच्यांनी एका वाक्यात मिटवला होता. पेटीत आहेत तेवढे चार घरांना पुरतील!

मला ते पटत नव्हतं, कारण आमच्या भावी प्रशिक्षकाने व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली होती आणि तिची पहिलीच ओळ होती, 'सुती काहीही आणू नका.' बनियनसुद्धा नाही. दुसरं कारण अगदी व्यवहारी. दिल्ली-श्रीनगर विमानात माणशी १५ किलो सामान. माझ्या नवऱ्याचा ट्वीडचा कोट एकटाच त्यातलं केवढं खाणार, ते मी वजनकाट्यावर बघून ठेवलं होतं.

यादीतल्या त्या पहिल्या ओळीचा अर्थ मला आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, समजावला. आप्पांची सगळी नोकरी बिर्लानगरच्या जे. सी. मिलमध्ये गेली, तीही कापड तपासायच्या लॅबमध्ये. मिल बंद पडून जमाना झाला, पण आजही लग्नात कुणाची पैठणी दिसली की आप्पा आधी पदर चिमटीत धरतात आणि मग वधूवरांना आशीर्वाद देतात. मी यादी वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "बरोबरच लिहिलंय त्याने. सुताचा रिगेन साडेआठ, लोकरीचा सोळा, पॉलिस्टरचा पॉइंट चार."

रिगेन म्हणजे पूर्ण सुकवलेला धागा मोकळ्या हवेत ठेवला तर दर शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम ओल ओढून घेतो, तो आकडा. मी लगेच विचारलं, "अहो आप्पा, मग लोकर तर सुतापेक्षा दुप्पट ओल पिते. ती कशी चालते?" त्यावर आप्पांनी खुर्ची पुढे ओढली. लोकर ओल पिते ती तंतूच्या पोटात. वरून तो तंतू पाणी झटकतो आणि भिजला तरी त्याची नागमोडी वळणं टिकतात, त्यामुळे तंतूंमध्ये अडकलेली हवा तशीच राहते. ऊब कपड्याची नसते, त्या हवेची असते. सुती कापड भिजलं की लोळागोळा होऊन अंगाला चिकटतं, मधली हवा गेली, आणि वर ते वाळायला तासन् तास घेतं. तेवढा वेळ ते पाणी वाळतं ते आपल्या अंगातल्या गरमीवर. पॉलिस्टर मुळात पाणी पीतच नाही, घाम धाग्याधाग्यावरून बाहेरच्या कपड्यात सरकवून देतं आणि लवकर वाळतं. "पण वास मारतं," आप्पांनी पुस्ती जोडली, आणि तेही खरं निघालं.

थोडक्यात, आमची ग्वाल्हेरची थंडी ही बसून सोसायची थंडी. शाल गुंडाळून धुक्याकडे बघत चहा प्यायचा. घाम येण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे सुती बनियनवर स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल हा बंदोबस्त बरोबरच आहे. स्कीइंगमध्ये मात्र माणूस एका मिनिटाला घामाघूम होतो आणि पुढच्या मिनिटाला चढावर रांगेत उभा राहून कुडकुडतो. तिथे कपड्यांचं काम आतलं पाणी बाहेर काढणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं हे. ऊब त्यानंतर. हे एकदा डोक्यात बसलं आणि पुढची सगळी खरेदी मी त्याच एका कसोटीवर केली.

अंगालगतच्या कपड्यांपासून सुरुवात केली. बाड्याच्या, नजरबागेच्या बाजारात, जिथे विचारावं तिथे 'इनर' हवा म्हटलं की समोर येणारा माल बहुतेक सुती किंवा सुतीमिश्रित. आतून गुबगुबीत, हाताला फार छान लागतो, दुकानदारही कौतुकाने म्हणतो, "प्योर कॉटन है भाभीजी, काटेगा नहीं." तेच तर नको होतं. मग मी लेबल वाचायचा सपाटा लावला. पॉलिस्टर आणि थोडा ताण देणारा इलॅस्टेन असलेले पातळ थर्मल शेवटी खेळांच्या सामानाच्या दुकानातून ऑनलाइन आले. लेकीसाठी मात्र मेरिनो लोकरीचा एक जोड घेतला, कारण तिला पॉलिस्टरने अंगाला खाज सुटते. मेरिनोचा धागा इतका बारीक असतो की टोचत नाही. किंमत टोचते. एका सदऱ्याला तीन-चार हजार मोजताना हात आखडला, पण तो दोन-तीन दिवस घातला तरी त्याला वास येत नाही, त्यामुळे जोड कमी लागतात. वाढत्या वयाच्या मुलीसाठी हा खर्च शहाणपणाचा की नाही, यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत.

या थराबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. थर्मलची विजार पोटरीपर्यंतची असली तर उत्तम, कारण स्कीचा बूट नडगीपर्यंत येतो आणि त्यात विजारीची गोळा झालेली कड आली तर नडगी सोलून निघते. आमच्या विजारी पूर्ण लांबीच्या होत्या. बूट घालताना मी त्या बुटाच्या काठाच्या वर दुमडून घ्यायची. काम भागतं.

मधला थर म्हणजे फ्लीस, पॉलिस्टरचं मऊ, लवदार कापड. यात फार डोकं लावायची गरज नाही. पातळ फ्लीस तिबेटी बाजारातही चांगलं मिळतं, आम्ही तिथूनच घेतलं. जाड एक घेण्यापेक्षा पातळ दोन घ्यावीत, एक काढता येतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विणलेले स्वेटर या जागी का नकोत, असा प्रश्न साहजिकच आला. लोकरीचा स्वेटर वाईट नसतो, पण हातविणीचा जड होतो, खांद्याला फुगतो आणि त्यावर जॅकेट घातलं की हात वर होत नाहीत.

जॅकेटवर मात्र माझे बरेच दिवस गेले. मेळ्यापर्यंत थांबायचं असं आधी ठरवलं होतं. ग्वाल्हेरचा मेळा माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केला तो मुळात गुरांचा बाजार म्हणून. आता तिथे गाड्यांपासून लोणच्यापर्यंत सगळं मिळतं आणि गरम कपड्यांच्या रांगाच्या रांगा असतात. फुगीर जॅकेटं तर डोंगरासारखी रचलेली. पण ती शहरासाठी. वरचं कापड पातळ नायलॉनचं, शिवणींना हजार भोकं, बर्फात बसलं की पाणी आत. संध्याकाळी हॉटेलातून जेवायला जाताना घालायला झकास.

मेळ्यात माझ्या उपयोगी पडला तो एक काश्मिरी शालवाला. मी शाल बघता बघता सहज म्हटलं की आम्ही तुमच्याकडे स्की करायला येतोय, तर त्याने शाल घडी करून बाजूला ठेवली. "मैडम, ऊपर ठंड कम, पसीना ज़्यादा. पहले दिन तो आप गिरेंगे, उठेंगे, गिरेंगे, उठेंगे. जैकेट की फ़िक्र छोड़िए, पतलून अच्छी लीजिए." त्या माणसाने मला एक रुपयाचाही माल विकला नाही आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा सल्ला दिला.

कारण पाणी न शिरण्याचा जो आकडा जॅकेटवर छापलेला असतो, तो पाण्याच्या उंचीचा असतो. कापड ताणून बसवतात, त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याला ते पाझरायला लागतं ते नोंदवतात. वरून भुरभुरणाऱ्या कोरड्या बर्फाला ५,००० पुरतं. पण नवशिका माणूस बर्फात गुडघे टेकतो, बूड टेकतो, तसाच बसून बूट आवळतो, आणि शरीराचा सगळा भार तेवढ्याशा कापडावर येतो. तिथे दाब पावसाच्या कितीतरी पट. म्हणून नवख्याची पाटलोण किमान १०,०००ची असावी आणि बुडाला-गुडघ्याला कापड दुहेरी असावं. जॅकेटला तडजोड चालते. बाजारात लोक नेमकं उलट करतात, कारण फोटोत जॅकेट दिसतं.

दुसरा आकडा असतो घामाची वाफ बाहेर पडण्याचा. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ जाते, तो. यातही १०,०००च्या आसपास असलं की बरं. त्याहून मोठ्या आकड्याला पैसे मोजण्यापेक्षा काखेखाली चेन असलेलं जॅकेट घ्यावं, असं माझं मत. चेन उघडली की वाफेला कुठल्याच आकड्याची गरज उरत नाही.

ऑनलाइन आलेलं पहिलं जॅकेट आप्पांच्या परीक्षेत नापास झालं. जाहिरातीत 'वॉटरप्रूफ' असं ठसठशीत लिहिलं होतं, पण आकडा कुठेच नव्हता. आप्पांनी स्वयंपाकघरातून वाटी मागवली, जॅकेटची बाही उलगडून वाटीवर खळगा करून बसवली आणि त्या खळग्यात पेलाभर पाणी ओतलं. पाणी मोत्यांसारखं थेंबाथेंबाने उभं राहिलं. नवरा म्हणाला, "बघा, काही होत नाही." आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी वाटीखालून हात घातला आणि अंगठ्याने कापड खालून हलकेच चोळलं. क्षणात अंगठा ओला. वरून पाणी न धरणारा लेप होता, पाणी अडवणारा आतला पडदा नव्हता. लेप थेंब झटकतो, दाब आला की हात टेकतो. ते जॅकेट त्याच संध्याकाळी परत गेलं.

दुसऱ्यावर दोन्ही आकडे १०,००० होते. शिवणीही आतून पट्टी चिकटवून बंद केलेल्या होत्या. हे बघायला विसरू नये, कारण सुईने पाडलेली भोकं शेवटी भोकंच. स्वस्तात फक्त खांद्या-गळ्याच्या शिवणींना पट्टी असते, पाटलोणीला तेवढ्यावर भागत नाही. या जॅकेटची बाही पुन्हा वाटीवर बसली, पाणी रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी आप्पांनी खालून टिपकागद लावून पाहिला आणि तो मला कोरडा परत दिला. पास.

मग राहिल्या बारीकसारीक गोष्टी. जॅकेटच्या आत कमरेपाशी लवचिक पट्टा असलेली झालर असते, ती बंद केली की पडल्यावर बर्फ पाठीत शिरत नाही. पाटलोणीच्या पायाशी आतून तशीच झालर असते, ती बुटावर ओढून बसवायची. डाव्या बाहीवर छोटा खिसा असतो, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या पाससाठी. गळ्याशी चेन संपते तिथे हनुवटीला लागू नये म्हणून मऊ कापडाची टोपी असावी, नाहीतर गार चेन दिवसभर हनुवटीला खरवडते. घालून बघताना आरशासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही. गुडघे वाकवून पुढे झुकायचं, दोन्ही हात वर करायचे, उकिडवं बसायचं. पाठ उघडी पडली तर एक माप मोठं. माझ्या या कवायतीला नवरा 'ट्रायल रूममधला योग' म्हणायचा.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण याद्या बहुतेक पुरुषांनी केलेल्या असतात. खांद्यावरून पट्ट्यांनी अडकवायची डांगरी पाठ छान झाकते, पण बर्फातल्या स्वच्छतागृहात जॅकेटसकट सगळं उतरवावं लागतं. मी कमरेची पाटलोण घेतली, कमर थोडी उंच असलेली, आणि त्याचं मला पुढे रोज समाधान वाटलं. हेल्मेटखाली अंबाडा बसत नाही, मानेजवळ सैल वेणी घालायची, तीही क्लिपशिवाय. बांगड्या मी दिल्लीलाच काढून पाकिटात ठेवल्या. ग्लव्हजच्या आत काचेच्या बांगड्या घालून पडायचं म्हणजे आपल्याच मनगटाशी वैर. मंगळसूत्र थर्मलच्या आत, त्वचेला लागून ठेवलं, बाहेरच्या थरात राहिलं की धातू गार पडून चटका देतो. आईंनी यावर काही म्हटलं नाही, फक्त "टिकली तरी लाव हो" एवढंच. घामात टिकली कुठे राहते, पण लावली.

रंगावरून लेकीशी वाद झाला. तिला पांढरं जॅकेट हवं होतं, फोटोत सुंदर दिसतं म्हणून. धुकं उतरलं की पांढऱ्या बर्फात पांढरा माणूस मागून येणाऱ्याला दिसत नाही. शेवटी नारिंगी आलं आणि तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

सगळं जमल्यावर एक रंगीत तालीम हवी होती. बर्फ ग्वाल्हेरात कुठून आणणार, पण चढ आहे. जानेवारीतल्या एका धुकट पहाटे आम्ही तिघं ग्वाल्हेर दरवाजाच्या बाजूने किल्ला चढलो, मुद्दाम भराभर. मी पॉलिस्टरचं थर्मल, फ्लीस आणि नवं जॅकेट. लेक मेरिनोवर. नवरा आपल्या सुती गंजीफ्रॉकवर ठाम होता, त्यावर फ्लीस आणि जॅकेट. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, इसवी सन ८७६चा शिलालेख असलेलं, ज्यात शून्य कोरलेलं आहे. शून्याखालच्या थंडीची तालीम शून्याच्या देवळावरून जावी, हा योग मला फार आवडला. नवऱ्याला तोवर धाप लागली होती आणि त्याला गणितात रस उरला नव्हता.

वर मानमंदिर राजवाड्यापाशी पोचलो तेव्हा वारा होता. मुद्दामच बसलो. थोड्या वेळाने मी जॅकेट उघडून फ्लीसवरून हात फिरवला तर बाहेरच्या बाजूला दवासारखे बारीक थेंब जमले होते आणि आत थर्मल जवळजवळ कोरडं. घाम आतून निघून तिथवर आला होता, कपडे आपलं काम करत होते. मी काखेतल्या चेनी उघड्या ठेवल्या होत्या, त्याचाही हातभार. नवरा एवढ्यात खांदे आवळून बसला होता. त्याच्या कॉलरमधून पाठीला हात लावला तर गंजी ओली, चिकटलेली, बर्फ नसताना बर्फासारखी गार. तो म्हणाला, "जरा उन्हात बसू या." ऊन नव्हतंच. खाली उतरून कचोरी खाल्ल्यावर त्याने स्वतःहून थर्मलचं माप विचारलं.

मोज्यांचा विषय नाजूक होता. आईंनी तिघांसाठी जाडजूड लोकरीचे मोजे विणले होते, टाचेला दुहेरी वीण, लेकीच्या मोज्यांवर लाल गोंडे. स्कीचा बूट प्लॅस्टिकचा आणि ताठ असतो, पायाला सर्व बाजूंनी आवळून बसतो. त्यात जाड मोजा घातला, किंवा एकावर एक दोन घातले, तर वळ्या पडतात, रक्त पायापर्यंत नीट पोचत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. लागतो एकच, गुडघ्यापर्यंतचा, पातळ, लोकरमिश्रित मोजा. हे आईंना सांगायचं काम आप्पांनी केलं, आणि 'हॉटेलात संध्याकाळी हेच' असा तोडगा निघाला. बूट भाड्याने तिथेच मिळतात, पण त्याचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घरीच भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, अंगठ्याच्या टोकाशी खूण करायची आणि मोजायचं. माझं साडेतेवीस. दुकानातल्या गर्दीत हा आकडा पाठ असला की दुकानदार आदराने बघतो.

हातमोजे मी बोटांचे घेतले, लेकीला एकत्र पिशवीसारखे. पिशवीत बोटं एकमेकांना ऊब देतात, पण चेन ओढता येत नाही, त्यामुळे तिच्या सगळ्या चेनी मीच ओढल्या. मनगटाला अडकवायची दोरी असलेलेच घ्यावेत, लिफ्टमधून पडलेला हातमोजा परत मिळत नाही. नवऱ्याचे मोटरसायकलचे हातमोजे बाद. मफलरही बाद, ओढलिफ्टमध्ये, म्हणजे उभ्या माणसाला उतारावर ओढत नेणाऱ्या लिफ्टमध्ये, लोंबतं काही नको. त्याऐवजी गळ्यातून घालायची कापडी नळी.

लेकीला चष्मा आहे, म्हणून गॉगल चष्म्यावरून घालता येणारा घेतला, दोन्ही बाजूंना दांडीसाठी खाच असलेला. काचेचा गडदपणा एस-० ते एस-४ असा लिहिलेला असतो. एस-३ लख्ख उन्हासाठी, एस-१ ढगाळ हवेसाठी. एकच घ्यायचा तर एस-२. तो हेल्मेटबरोबर घालून बघावा, दोघांमध्ये कपाळाची फट राहता कामा नये. हेल्मेट आम्ही भाड्याने घेतलं, आत ई. एन. १०७७ हा मानकाचा शिक्का बघून.

आणि गुलमर्ग? गाव साधारण २,६५० मीटरवर आहे, आणि नवशिक्यांची सगळी धडपड तिथल्याच सौम्य उतारावर चालते. गोंडोला, म्हणजे दोरखंडावरून जाणारा पाळणा, पहिल्या टप्प्यात कोंगडूरीला आणि तिथून अफरवाट शिखराच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जातो. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, त्यामुळे खालची थंडी आणि वरची थंडी यात आठ-नऊ अंशांचा फरक. शिवाय वारा. उणे पाचला ताशी तीस किलोमीटरचा वारा असला तर अंगाला उणे तेरासारखं लागतं. आम्ही फिरायला म्हणून कोंगडूरीला गेलो तेव्हा दोन्ही फ्लीस अंगावर होती आणि तरी लेक माझ्या कुशीत शिरून उभी होती. खालच्या उतारावर शिकताना मात्र सकाळी दहानंतर एक फ्लीस कमरेला बांधलेलं असायचं. शालवाला बरोबर बोलला होता.

पडलोही त्याने सांगितल्याप्रमाणेच. मी तर उभं राहायला शिकायच्या आधी बसायला शिकले. पाटलोण शेवटपर्यंत कोरडी राहिली. नवऱ्याने पाटलोण विकत न घेता तिथे भाड्याने घेतली होती, तिची बाजूची चेन अर्ध्यात अडकायची आणि पायाशी झालर नव्हती, त्यामुळे दुपारपर्यंत त्याच्या बुटात बर्फाचं पाणी. भाड्याचा माल सकाळी घेताना बहुतेक वेळा कालच्या घामाने नाहीतर बर्फाने दमटच असतो, तोही एक भाग. एका वर्षात उंच होणाऱ्या मुलांसाठी जॅकेट-पाटलोण भाड्याने घेणं परवडतं, पण चेनी, झालर आणि आतला ओलावा हाताने चाचपूनच.

उन्हाचं मात्र सगळ्यांना सांगते. ताजा बर्फ अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत उलटे फेकतो आणि उंचीबरोबर त्यांचा जोरही वाढत जातो. ऊन खालून लागतं. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानामागे सनस्क्रीन लावायचं. ढगाळ दिवशीसुद्धा. लेकीचा गॉगल एकदा धुरकटला, कारण घामेजल्या कपाळावर तिने तो वर सरकवून ठेवला होता. आतली काच पुसायची नाही, तिच्यावरचा धुकं न धरणारा लेप निघतो. झटकून, हवेत धरून वाळवायची.

संध्याकाळी खोलीत बुखारी, म्हणजे काश्मिरी शेगडी, पेटायची, तिच्याभोवती दोरी बांधून सगळं वाळत घातलेलं. हातमोज्यांची तोंडं खाली, मोजे मधोमध, जॅकेटं मात्र लांब, कारण थेट आचेने आतला पडदा आणि शिवणींच्या पट्ट्या सुटतात. लाल गोंड्यांचे मोजे घालून लेक त्या बुखारीपाशी पाय पसरून बसायची. हॉटेलातल्या पोऱ्याने ते कुठून घेतले म्हणून चौकशी केली, ते फोनवर ऐकून आई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याच्यासाठी जोड विणायला घेतला.

घरी आल्यावर जॅकेटं धुवायचा प्रश्न आला. आप्पांनी कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रावण बाटलीसकट कपाटात बंद केलं. त्याने कापडाच्या वर थर बसतो, पाणी झटकणं बंद होतं आणि वाफेची वाटही बुजते. साधा पातळ साबण, थंड पाणी, दोनदा खळबळून काढायचं, पिळायचं नाही. वाळल्यावर लेबलवर परवानगी असली तर ड्रायरमध्ये मंद आचेवर थोडा वेळ, म्हणजे वरचा लेप पुन्हा जागा होतो. आमच्याकडे ड्रायर नाही. आप्पांनी मलमलीचं कापड मध्ये घालून कोमट इस्त्री फिरवली, अर्थात आधी आतल्या बाजूला लपलेल्या झालरीच्या एका कोपऱ्यावर करून बघूनच. मग पुन्हा वाटी, पुन्हा पाणी.

आता इंदूरच्या नणंदेकडचे उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगला निघालेत आणि सगळा संच मागतायत. जॅकेट, पाटलोण, गॉगल देणार आहे, झालर कशी बसवायची त्याचा व्हिडिओही पाठवलाय. थर्मल आणि मोजे ज्याचे त्याने घ्यावेत असं स्पष्ट कळवलं. भाऊजींचं उत्तर आलं, "वहिनी, थर्मल कशाला, माझ्याकडे चांगले कॉटनचे इनर आहेत." फोन आप्पांच्या हातात दिला आहे.